२०१२ चा दीड टनी एसी काढून फाइव्ह स्टार घेतला तर खरंच किती वाचतात? हिशोब जुळत नाहीये

पाथर्डीफाटा_वाला

मंडळी नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, टूबीएचके, सगळ्यात वरचा मजला, म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री थेट डोक्यावर. बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, २०१२ चा, थ्री स्टार, साधाच, इन्व्हर्टर नाही. अजून चालतोय, थंडही करतो, फक्त सुरू होताना घरातले दिवे एकदा डोळा मारतात आणि बाहेरचं युनिट ट्रॅक्टरसारखं धडधडतं. मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत रोज रात्री दहा ते सहा लावतो, मग ऑक्टोबरमध्ये पंधरा-वीस रात्री. सगळे मिळून १०५ रात्री धरा, म्हणजे ८४० तास. एरवी बिल १८० युनिटच्या आसपास असतं, गेल्या मे महिन्यात ४४५ आलं आणि बायकोने ते बिल फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलंय ते अजून तिथेच आहे.

दुकानात गेलो तर दीड टनात थ्री स्टार इन्व्हर्टर ३७ हजार आणि फाइव्ह स्टार ४५ हजार. दुकानदार म्हणाला साहेब फाइव्ह स्टारच घ्या, वरचे पैसे दोन वर्षांत वसूल, आणि कागदावर हिशोब पण करून दिला. घरी येऊन नीट बघितला तर पठ्ठ्याने रोज ८ तास गुणिले ३६५ दिवस धरलेत. अहो डिसेंबरात इकडे निफाडला लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात आणि मी एसी लावून बसू का.

म्हणून मीच बसलो. थ्री स्टारच्या लेबलवर वर्षाला ९६० युनिट लिहिलंय, फाइव्ह स्टारच्या ७५०. फरक २१०. जानेवारीचं बिल भागिले युनिट केलं तर साधारण साडेदहा रुपये पडतात, म्हणजे वर्षाला २२०५ रुपये. आठ हजार जास्तीचे साडेतीन-पावणेचार वर्षांत फिटले, मी खूश. मग पोरीने दाखवलं की बाबा ते आकडे १६०० तासांचे आहेत, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. माझे तास ८४०, मग फरक उरला ११० युनिट, पैसे झाले साडेअकराशे, वर्षं झाली सात. सात वर्षांत तर एसीच बदलायची वेळ येते. मग घ्यायचा कशाला? माझं कुठे चुकतंय का दुकानदार फेकतोय?

गच्चीवरचा_गारवा

कूलर घ्या आणि सुटा. 😄

सातपूरचा_मेंटेनन्सवाला

दुकानदाराचे तास चुकलेत आणि तुमचा रेट चुकलाय. तासांचं पोरीने बरोबर पकडलं, तिला माझ्याकडून आइस्क्रीम. लेबलवरचे युनिट १६०० तासांवरच काढलेले असतात, ज्याला स्वतःचं काढायचं त्याने भागिले १६०० गुणिले आपले तास करायचं, बास.

आता रेट. जानेवारीचं बिल भागिले युनिट म्हणजे सरासरी, त्यात पहिल्या १०० युनिटचा स्वस्त रेट मिसळलेला असतो. पण एसीचे युनिट पहिल्या १०० मधले नाहीत ना, ते सगळ्यात वर जाऊन बसतात. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही तर असणारच, त्याच्यावर एसी. म्हणजे एसीने वाचवलेला प्रत्येक युनिट हा तुमच्या त्या महिन्याच्या सगळ्यात महागड्या स्लॅबमधून, म्हणजे युनिटच्या टप्प्यातून, वाचतो. मेमध्ये ४४५ म्हणजे तुम्ही ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये आहात. बिल काढा, मागच्या बाजूला त्या स्लॅबचा वीज आकार बघा, त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार लागला असेल तर तोही, आणि बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार धरू नका, तो एसी असो नसो द्यायचाच आहे. मी सोयीसाठी ३०१-५०० ला सगळं मिळून १६ रुपये आणि १०१-३०० ला १३ रुपये धरतो, तुम्ही तुमच्या बिलातले टाका, दर बदलत राहतात.

एप्रिल-मे-जून १६ ने, मार्च आणि ऑक्टोबर १३ ने, सरासरी १५ पकडा. ११० युनिट गुणिले १५ म्हणजे १६५०. आठ हजार पाच वर्षांच्या आत फिटतात. दुकानदाराची दोन नाहीत आणि तुमची सातही नाहीत.

पण मला यापेक्षा वेगळंच विचारायचंय. तुम्ही थ्री स्टार विरुद्ध फाइव्ह स्टार मांडताय, आणि घरात तर चालू एसी आहे! म्हणजे प्रश्न दोन आहेत, जुना काढायचा का हा एक, आणि काढलाच तर कुठला घ्यायचा हा दुसरा. दोन्हीची उत्तरं वेगळी येतील. पहिल्यासाठी तुमचा जुना एसी रात्रीत किती खातो ते मोजा. अंदाज नको. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो बघा, शेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, बहुतेक ३२००, तुमच्या मीटरवर बघून घ्या. घरातलं सगळं बंद करून फक्त एसी लावा, कॉम्प्रेसर धडधडायला लागला की मोबाईलवर एक मिनिट लावून लुकलुक मोजा. गुणिले ६०, भागिले ३२००, आले किलोवॅट. आणि रात्रभराचं हवं तर झोपताना मीटर रीडिंगचा फोटो, सकाळी उठल्यावर फोटो. एक रात्र एसीसकट, एक रात्र बिनएसी, वजाबाकी करा.

नाशिकरोड_एक्सप्रेस

स्लॅबचं बोललात म्हणून सांगतो, ३०० च्या वर एक जरी युनिट गेला की सगळेच युनिट महाग रेटने लागतात. त्यामुळे ३०० च्या आत ठेवायचं बघा, बाकी स्टार बिर सगळं नंतर. आमच्याकडे तर २५ तारखेनंतर एसीचा रिमोट आई कपाटात ठेवते.

सातपूरचा_मेंटेनन्सवाला

@नाशिकरोड_एक्सप्रेस नाही हो दादा, असं नाही लागत. पहिले १०० पहिल्या रेटने, पुढचे २०० दुसऱ्या रेटने, ३०१ व्या युनिटपासून पुढचेच फक्त तिसऱ्या रेटने. बिलातच स्लॅबवार मांडलेलं असतं, एकदा गुणाकार करून बघा. ३०१ झाले म्हणून आभाळ कोसळत नाही, एका युनिटचे तीन-चार रुपये जास्त जातात. आईंना म्हणावं रिमोट काढा बाहेर.

नाशिकरोड_एक्सप्रेस

आत्ता बघितलं, बरोबर आहे तुमचं. इतकी वर्षं उगाच घामात झोपलो 🤦 आईला नाही सांगणार पण.

कॉइल_कॉम्प्रेसर

मी एसीचंच काम करतो, १८ वर्षं झाली, म्हणून दोन शब्द. काकांनी किंवा दादांनी, जे कोण असतील त्यांनी, जुना एसी मोजायच्या आधी तो धुवून घ्यावा. आतल्या युनिटची जाळी तर लोक धुतात, बाहेरचं कॉइल कोणी बघत नाही. पाथर्डी फाट्याला तो रस्ता, ती बांधकामं, धुळीचा थर इतका बसतो की पंखा मारतो आणि हवा पलीकडे जातच नाही. जेट पंपाने धुतलं की कॉम्प्रेसर लवकर कटऑफ होतो हे मी रोज बघतो. नाहीतर घाणेरड्या जुन्या एसीची तुलना चकाचक नव्याशी कराल आणि म्हणाल वा किती वाचलं. आणि दरवर्षी गॅस भरून देणारा येत असेल तर त्याला विचारा लीक कुठंय. गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाय.

दुसरं, इन्व्हर्टर वाचवतो कसा ते समजून घ्या. साधा एसी म्हणजे फुल नाहीतर बंद, दुसरा गिअर नाही. तुमचे दिवे डोळा मारतात ना, ते प्रत्येक वेळी तो दणक्यात उठतो म्हणून. इन्व्हर्टर खोली गार झाल्यावर हळू चालत राहतो, आणि हळू चालतो तेव्हाच त्याची खरी बचत. आता तुमचा वरचा मजला. दुपारी ३९ डिग्रीत लावलात तर तो बराच वेळ फुलवरच पळणार, तिथे लेबलाइतकं काही वाचणार नाही. पण तुम्ही रात्री लावता, आणि आपल्याकडे मे महिन्यात पण मध्यरात्रीनंतर बाहेर बऱ्यापैकी उतरतं, पहाटे तर गारच. त्यामुळे तुमच्या वापराला इन्व्हर्टर सूट होतो. जमलं तर सोसायटीला विचारून गच्चीवर आपल्या खोलीपुरता पांढरा कोट मारा, स्लॅब कमी तापला की कुठल्याही एसीवर लोड कमी.

स्टार मोजू नका, आयएसईईआर वाचा, म्हणजे पूर्ण सीझनमध्ये एका युनिटला एसी किती गारवा देतो तो लेबलवरचा आकडा. स्टारचं टेबल दर काही वर्षांनी कडक करतात. २०१८ मध्ये साडेचारला फाइव्ह स्टार मिळायचा, जुलै २०२२ पासून त्यालाच पाच लागायला लागले, म्हणजे साडेचारवाला जुना फाइव्ह स्टार २०२२ च्या लेबलवर फोर स्टार होऊन बसला. दुकानात पडून असलेला जुन्या लेबलचा माल 'फाइव्ह स्टार आहे साहेब' म्हणून गळ्यात मारतात, लेबलवर कुठल्या काळासाठी आहे ते छापलेलं असतं, बघून घ्यायचं.

आणि तोट्याची बाजू पण सांगतो. इन्व्हर्टरच्या बाहेरच्या युनिटमधला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड. माझ्या स्वतःच्या घरातला चौथ्या वर्षी गेला, पाल आत घुसली आणि शॉर्ट झाला, पालही गेली आणि माझे साडेआठ हजारही गेले. मी मेकॅनिक असून ही गत. तेव्हा पीसीबीची वॉरंटी किती वर्षं आहे ते बघा, कॉम्प्रेसरची दहा वर्षं सगळेच मोठ्या अक्षरात लिहितात.

पंचवटीची_आत्या

गच्चीवरच्या गारव्याला हसू नका, तो बरोबर बोलतोय. मी गेली नऊ वर्षं कूलरवर काढलीत आणि एसीही आहे घरात. आपल्या नाशकाचा उन्हाळा कोरडा, एप्रिलमध्ये दोरीवर टॉवेल टाकला की अर्ध्या तासात पापड होतो, अशा हवेत कूलर मस्त चालतो. खिडकीच्या बाहेरून बसवायचा आणि समोरची दुसरी खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, लोक दारं-खिडक्या गच्च बंद करून कूलर लावतात आणि मग म्हणतात घामच येतो. ओली हवा बाहेर जायला वाट नको का? माझा कूलर १८० वॅटचा, आठ तासांत दीड युनिट पण होत नाही. पाणी मात्र बरंच पितो, आणि पाणी कपातीच्या दिवशी टाकी भरून ठेवायला लागते हे आधीच सांगते.

जून लागला आणि हवा दमट झाली की कूलर म्हणजे तोंडावर ओला फडका. तेव्हा एसी. असं धरून माझ्या एसीच्या रात्री चाळीसच्या वर जात नाहीत.

सातपूरचा_मेंटेनन्सवाला

आत्या, तुमच्या चाळीस रात्रींवरून एक गंमत लक्षात आली. चाळीस रात्री म्हणजे ३२० तास. तेवढ्यात फाइव्ह स्टार आणि थ्री स्टारचा फरक होतो ४२ युनिट, आणि कूलर वापरल्याने महिन्याचं बिलही ३०० च्या खाली राहतं म्हणजे रेट १३ चा. साडेपाचशे रुपये वर्षाला! आठ हजार फिटायला चौदा-पंधरा वर्षं. तुमच्यासारख्याने फाइव्ह स्टार घेणं म्हणजे दोन पोळ्यांसाठी पीठगिरणी टाकणं.

पंचवटीची_आत्या

म्हणूनच माझा थ्री स्टार आहे बाळा. तो हिशोब मी न करताच केला होता.

पाथर्डीफाटा_वाला

सगळ्यांचे आभार, आठवडाभर गायब होतो कारण मोजत होतो. आधी एसी धुवून घेतला, बाहेरच्या कॉइलमधून जे काही निघालं ते बघून शेजारचे म्हणाले यात कांद्याचं रोप लावा. मग रात्री साडेनऊला सगळं बंद करून मीटरपुढे उभा राहिलो, पोरगी मोबाईल धरून आणि मी मोजतोय, खालच्या मजल्यावरच्या काकांना वाटलं लाइट गेली म्हणून तेही मेणबत्ती घेऊन आले. मिनिटाला ९० लुकलुक. म्हणजे १.६९ किलोवॅट. एसीसकट रात्र १०.३ युनिट, बिनएसी १.७. एसीचे निव्वळ ८.६. जुनं लेबल पुसट झालंय, त्यावर पोरीने लहानपणी छोटा भीमचं स्टिकर चिकटवलेलं, ते नखाने खरवडलं तर ईईआर, म्हणजे आयएसईईआरचा जुना भाऊ, २.९ दिसलं.

आता पुढे कसं करायचं? नवा किती खाईल ते तर घेतल्याशिवाय मोजता येणार नाही.

सातपूरचा_मेंटेनन्सवाला

वा, असं मोजणारा माणूस पाहिजे. नव्याचा अंदाज गुणोत्तराने काढू. खोली तीच, गारवा तोच, मग ८.६ गुणिले २.९ भागिले नव्याचा आयएसईईआर. ईईआर एकाच तापमानावर मोजलेला आणि आयएसईईआर पूर्ण सीझनचा, त्यामुळे हे काटेकोर नाही, पण निर्णयापुरतं चालतं. फाइव्ह स्टारला ५ धरला तर रात्रीचे ५ युनिट, थ्री स्टारला ४ धरला तर ६.२.

फाइव्ह स्टार रात्रीला ३.६ युनिट वाचवणार, १०५ रात्रींचे ३७८, गुणिले १५ म्हणजे ५,६७० रुपये. ४५ हजार फिटायला आठ वर्षं. थ्री स्टार २.४ वाचवणार, २५२ युनिट, ३,७८० रुपये, ३७ हजार फिटायला जवळपास दहा वर्षं. आणि दोघांतला फरक १२६ युनिट, तुमच्या लेबलवरून ११० आला होता, म्हणजे आपण फार भरकटलेलो नाही.

तर माझं मत, चालू एसी निव्वळ बिलासाठी काढू नका. आठ वर्षांत एक पीसीबी गेला की ते नऊ-दहा होतील. पण तो मेला, किंवा कॉम्प्रेसरचा मोठा खर्च निघाला, तर त्या दिवशी डोळे झाकून फाइव्ह स्टार, कारण तेव्हा नवा एसी तर घ्यायचाच आहे, प्रश्न फक्त वरच्या आठ हजारांचा आणि ते तुम्हाला सव्वाचार वर्षांत परत येतात. तोपर्यंत २२ वर लावत असाल तर २५-२६ करा आणि वर पंखा लावा. स्टार लेबल देणारी सरकारी संस्था बीईईच सांगते की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वाचतात, ३ डिग्रीत तुमचे रात्रीचे दीड युनिट गेले कमी, फुकटात.

बरं, पंखे कुठले आहेत?

पाथर्डीफाटा_वाला

पंखे साधे, लग्नात घेतलेले, तीन. २२ चं कसं ओळखलंत 😅

सातपूरचा_मेंटेनन्सवाला

सगळे २२ वरच लावतात.

तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे पंखे ३० वॅट. पंख्याला ४५ वाचले, तिघांचे १३५. रोज १० तास, वर्षात २७० दिवस धरले तरी ३६४ युनिट. बघा, तुमचा ४५ हजारांचा फाइव्ह स्टार ३७८ वाचवत होता! इथे रेट १३ चा लावा कारण पंखे बाराही महिने चालतात आणि तुमचं एरवीचं १८० म्हणजे दुसरा स्लॅब, तरी पावणेपाच हजार होतात. एक पंखा २८०० ला धरला तर तिघांचे ८४००, दोन वर्षांच्या आत वसूल. एक मात्र आहे, कायम दोन-तीन नंबरवरच पंखा चालवत असाल आणि रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर तो आत्ताच ७५ खात नसणार, मग बचत कमी धरा. जुना डब्यासारखा गरम होणारा रेग्युलेटर असेल तर त्यात वीज उष्णता होऊन जाते, मग हिशोब साधारण बरोबर.

मखमलाबाद_मळा

एक शंका. आमच्याकडे ३ किलोवॅट सोलर बसवलंय सूर्यघर योजनेत, ७८ हजार सबसिडी मिळाली. उन्हाळ्यात बिल जवळपास स्थिर आकाराचंच येतं. मग मला फाइव्ह स्टारचा काय उपयोग?

सातपूरचा_मेंटेनन्सवाला

जोपर्यंत वर्षाचं गणित सोलरमध्येच बसतंय तोपर्यंत फारसा नाही. तुमचा वाचलेला युनिट १६ रुपयांचा नाहीच, त्यामुळे वरचे हिशोब तुम्हाला लागू नाहीत. मळ्यात तर झाडं पण असतील, तुम्ही एसी लावताच कशाला.

मखमलाबाद_मळा

पाहुणे येतात मुंबईचे.

पाथर्डीफाटा_वाला

शेवटचा अपडेट. पंखे आणले, तिन्ही. बसवायला आलेल्या पोराने जुने पंखे खाली उतरवून दाखवले, एकेक चार पाच किलोचं लोखंड. रेग्युलेटर तोच डब्यासारखा गरम होणारा निघाला, तो पण काढला. एसी आहे तोच, २६ वर, पंखा दोन नंबरवर, परवाच्या रात्री सगळं मिळून साडेसात युनिट, आधी १०.३ होते. बायकोने फ्रिजवरचं बिल अजून काढलेलं नाही, म्हणते या मेचं येऊ दे, शेजारी लावू. वडिलांची मात्र तक्रार आहे, नव्या पंख्याचा आवाजच येत नाही, रात्री दोनदा उठून हात वर करून बघतात चालू आहे का.

पंचवटीची_आत्या

माझ्याकडे जुना उषाचा पडलाय, वडिलांना हवा असेल तर घेऊन जा. खर्रर्र आवाज करतो छान.